नोकरीत घडलेला लेखक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या वाचनालयातलं रहस्यकथांचं कपाट कधी मागच्या खोलीत ढकललं नाही, असं मला संयोजकांनी कळवलं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, दोन-तीन पिढ्यांना वाचायची गोडी लावली, आणि तरी आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला ओटीवरचीच जागा आली. गुरुजींनी त्यांना माजघरात घेतलं होतं. त्यामुळे आज एका रहस्यकथाकारावर बोलण्याची परवानगी मी गृहीत धरतो. हा रहस्यकथाकार सिसिलीचा. त्याचं बहुतेक आयुष्य दूरचित्रवाणीच्या कचेरीत, तालमीच्या खोलीत आणि नाट्यशाळेच्या वर्गात गेलं. नाव आंद्रेआ कामिल्लेरी.

त्यांच्याबद्दल एक कहाणी जगभर सांगितली जाते. एक निवृत्तीला आलेला माणूस वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी गंमत म्हणून एक पोलिसी कादंबरी लिहितो. तिच्यातला इन्स्पेक्टर, म्हणजे कोमिस्सारिओ मोंताल्बानो, लोकांना इतका आवडतो की म्हातारपणी त्या माणसाला लेखक म्हणून दुसरा जन्म मिळतो. कहाणी ऐकायला छान आहे. उशिरा का होईना, सगळ्यांची वेळ येते, असा दिलासाही तिच्यात आहे. तिच्यातले तपशीलही खरे आहेत. ‘पाण्याचा आकार’ ही पहिली मोंताल्बानो कादंबरी १९९४ साली आली आणि कामिल्लेरी १९२५चे. पण तिचा अर्थ मला पटत नाही. अडुसष्टाव्या वर्षी कोणी लेखक होत नाही. कामिल्लेरी त्याआधी तीसेक वर्षं लेखकच होत होते, फक्त ते काम नोकरी या नावाखाली चाललं होतं. मला आज एवढंच मांडायचं आहे.

त्यांचा जन्म ६ सप्टेंबर १९२५चा, सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्तो एम्पेदोक्ले या बंदराच्या गावी. नाटककार पिरांदेल्लो याच पंचक्रोशीतले आणि कामिल्लेरींच्या घराण्याशी त्यांचा जुना संबंध. लहानपणी भर दुपारी दारात एक नक्षीदार गणवेशातले गृहस्थ आले, ते आजीला भेटायला आलेले पिरांदेल्लो होते, ही आठवण कामिल्लेरी फार रंगवून सांगत. पुढे पिरांदेल्लोंची नाटकं त्यांनी बरीच बसवली.

१९४९ साली रोमच्या राष्ट्रीय नाट्य अकादमीत दिग्दर्शनाच्या वर्गाला प्रवेश मिळालेले ते एकटेच. शिक्षक होते ओराझिओ कोस्ता. कडक माणूस, नाटक म्हणजे व्रत असं मानणारा. काही काळाने एका विद्यार्थिनीबरोबरच्या प्रेमप्रकरणामुळे कामिल्लेरींना अकादमीतून काढून टाकलं. पण गोष्ट इथे संपत नाही. ज्या संस्थेने त्यांना हाकललं, तिथेच १९७७ साली त्याच कोस्तांच्या जागेवर ते दिग्दर्शन शिकवायला गेले आणि पुढची वीसेक वर्षं शिकवत राहिले.

नोकरीची गोष्टही अशीच वळसा घेते. १९५४ साली इटलीच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या, म्हणजे ‘राय’च्या, परीक्षेला ते बसले. कम्युनिस्ट असल्यामुळे त्यांना घेतलं नाही. तीनेक वर्षांनी त्याच संस्थेत ते दाखल झाले. रंगभूमीवरचं कामही चालूच होतं. बेकेटचं ‘एंडगेम’ इटलीत पहिल्यांदा बसवलं ते त्यांनीच, १९५८ साली, आणि नंतर ते नाटक दूरचित्रवाणीसाठीही केलं. ज्या माणसाला पुढे लोक ‘लोकप्रिय लेखक’ म्हणून काहीसं नाक मुरडत ओळखणार होते, त्याने आधी बेकेट बसवला होता, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता मुख्य जागेवर येतो. १९६४ ते १९७२ या काळात ‘राय’ने कादंबरीकार सिमेनाँच्या इन्स्पेक्टर मेग्रेवर मालिका केली. मेग्रेच्या भूमिकेत जिनो चेर्वी, दिग्दर्शक मारिओ लांदी, आणि कादंबऱ्यांच्या पटकथा करणाऱ्यांत प्रमुख होते नाटककार दिएगो फाब्री. कामिल्लेरी या मालिकेचे निर्मिती-प्रतिनिधी होते. संस्था, लेखक, दिग्दर्शक आणि खर्चाचं कोष्टक या चौघांच्या मधे उभं राहायचं, असं ते काम. श्रेयनामावलीत हे नाव शेवटाकडे येतं आणि तोवर प्रेक्षक पाणी प्यायला उठलेला असतो. पण या खुर्चीचा एक फायदा असतो. कच्चं लिखाण पहिल्यांदा तिथे येतं.

फाब्रींशेजारी बसून आपण रहस्यकथा लिहायला शिकलो, असं कामिल्लेरी पुढे अनेकदा सांगत. फाब्री काय करत? सिमेनाँची कादंबरी हातात घेत आणि शिंपी जुना कोट उसवतो तशी ती शिवणीशिवणीतून उसवत. मग तेच तुकडे पडद्याच्या मापाने पुन्हा जोडत. यातला पहिला अर्धा भाग महत्त्वाचा आहे. कादंबरी वाचताना आपल्याला कथानक दिसतं. ती उसवताना कारागिरी दिसते. साक्षीदाराचं एक वाक्य इथेच का आलं, वीस पानं आधी का नाही? इन्स्पेक्टर जेवायला गेला तेव्हा वाचकाच्या नकळत कोणती माहिती सरकवली? सिमेनाँकडे वातावरण फार. पाऊस, धुकं, स्टोव्हची ऊब. स्टुडिओत ते सगळं दाखवता येत नाही. मग धुक्याने केलेलं काम संवादाने कसं करायचं? एक कादंबरी अशी उसवली तर माणूस हुशार होतो. आठ वर्षं एकामागून एक उसवल्या जात असताना शेजारी बसला, तर त्याच्या हातात कसब उतरतं.

इथे थोडं आमच्या मालिकालेखनाच्या धंद्याबद्दल बोलतो. मराठी मालिकांमध्ये कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, अशी वाटणी असते. वनलाइन येते, तिचे सीन पडतात, संवादलेखक रात्री बसून ते भरतो आणि सकाळी सेटवर पानं जातात. या कामाबद्दल लिहिणाऱ्यालाच आदर नसतो. ‘सध्या मालिका करतोय, खरं लिखाण नंतर,’ असं वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. ते ‘नंतर’ बहुतेकांचं येत नाही, कारण मधल्या वर्षांत आपण काही शिकतो आहोत यावरच त्यांचा विश्वास नसतो. कामिल्लेरींना त्या दिवसांत कादंबरीकार म्हणून कोणी ओळखत नव्हतं. पण ते त्या कामाकडे बघत होते, हा फरक आहे.

आणि कादंबरीकार म्हणून त्यांची अवस्था काय होती? पहिली कादंबरी त्यांनी १९६७-६८मध्ये लिहिली. तिच्यामागे एक हकिकत आहे. वडील रुग्णालयात शेवटच्या आजारात होते. त्यांच्या उशाशी बसून कामिल्लेरींनी त्यांना एक गोष्ट सांगितली. ही लिही, वडील म्हणाले. शुद्ध इटालियनमध्ये मला लिहिता येत नाही, असं मुलाने सांगितल्यावर वडिलांनी विचारलं की मग मला सांगितलीस तशीच का लिहीत नाहीस? घरात निम्मी सिसिलियन आणि निम्मी इटालियन बोलली जाई. तीच सरमिसळ पुढे त्यांची लेखनभाषा झाली आणि त्या भाषेमुळेच प्रकाशक दहा वर्षं नाही म्हणत राहिले.

शेवटी पुस्तक छापलं गेलं ते दूरचित्रवाणीमुळे. त्या कादंबरीवर ‘राय’ मालिका करणार असं ठरलं, तेव्हा लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तकं छापणाऱ्या लाल्ली नावाच्या प्रकाशकाने ती फुकट छापायची तयारी दाखवली. अट एकच: मालिकेच्या श्रेयनामावलीत प्रकाशनाचं नाव हवं. १९७८ साली पुस्तक आलं, दुकानात जवळजवळ पोचलंच नाही, आणि पुढल्या वर्षी मालिका दिसली. १९८० साली गार्झांतीने दुसरी कादंबरी काढली. तिच्यात विगाता हे काल्पनिक गाव पहिल्यांदा आलं. प्रकाशकाने शेवटी शब्दार्थांची यादी जोडायला लावली. मग १९९२पर्यंत कादंबरी नाही. लोकांना आठवतं ते यानंतरचं यश. मला ही बारा वर्षं अधिक बोलकी वाटतात, कारण या काळात ते आठवड्यामागून आठवडे वर्गात उभे होते.

दिग्दर्शन शिकवणं म्हणजे प्रत्यक्षात काय? नाटकाची संहिता समोर ठेवायची आणि विचारायचं: हे पात्र आत्ता इथे का आलं? त्याला समोरच्याकडून काय हवंय? ते जे बोलतंय ते त्यासाठी बोलतंय, की ते लपवण्यासाठी? हे तीन प्रश्न पोलीस चौकशीचेही आहेत. मोंताल्बानोच्या कादंबऱ्यांतले चौकशीचे प्रसंग वाचताना मला नेहमी तालमीची आठवण होते. मोंताल्बानो पुरावे गोळा करतो, पण त्याचा खरा भर समोरचा माणूस नाटक कसं करतोय हे बघण्यावर असतो. कोण हात कुठे ठेवतो, कोण उत्तराआधी किती थांबतो, कोणाचं रडणं एक क्षण लवकर सुरू झालं. बऱ्याचदा तो स्वतःच एखादी छोटी नाटिका रचतो, फाजिओ किंवा ऑजेल्लो या सहकाऱ्यांना भूमिका वाटून देतो आणि संशयिताला त्यात ओढतो. हा इन्स्पेक्टर दिग्दर्शकाच्या हातून जन्मलेला आहे. पात्रांची ओळखही आधी बोलण्यातून होते, चेहरा नंतर. फोन उचलणारा कातारेल्ला प्रत्येक नावाचा चुथडा करतो. तो दिसायला कसा आहे हे वाचकाला विचारा, सांगता येणार नाही. पण त्याचा आवाज कोणीही ओळखेल.

आता १९९४. ‘प्रेस्टनचा मद्यकार’ ही ऐतिहासिक कादंबरी ते लिहीत होते. तिची प्रकरणं कालक्रमाने नाहीत, पत्त्यांसारखी पिसलेली आहेत. तेव्हा त्यांच्या मनात आलं की आपल्याला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ, कार्यकारणाची साखळी न तोडता लिहिता येतं का? त्यांचे मित्र लिओनार्दो शाशा म्हणत की पोलिसी कादंबरी हा लेखकासाठी चांगला पिंजरा आहे; वेळ, जागा, तर्क यांत फसवणूक चालत नाही. कामिल्लेरी त्या पिंजऱ्यात स्वतःहून शिरले. नायकाचं नाव मोंताल्बानो ठेवलं ते स्पेनचे रहस्यकथाकार मान्वेल वास्केस मोंतालबान यांच्या मानाखातर. आणि पुढे पुस्तकाचा साचाच ठरवून टाकला: अठरा प्रकरणं, त्यांच्या संगणकावर प्रत्येकी दहा पानं, एकूण १८०. ज्याने आयुष्यभर ठरलेल्या मिनिटांत गोष्ट बसवली, त्याला १८० पानांचं बंधन जाचणार नव्हतं.

पहिल्या कादंबरीची सुरुवात बघा. पहाट झाली आहे, दोन सफाई कामगार एका उजाड जागेवर कचरा गोळा करताहेत. ही जागा बंद पडलेल्या रासायनिक कारखान्याजवळची. रात्री तिथे वेश्याव्यवसाय चालतो. त्यांना एका मोटारीत प्रेत सापडतं. पण हे दोघे मुळात भूमापक आहेत, शिकलेले. काम नाही म्हणून राजकारण्याच्या चिठ्ठीवर झाडू मारायला लागलेले. म्हणजे प्रेत सापडायच्या आत बेकारी, वशिला, मेलेला उद्योग आणि रात्रीचा बाजार, एवढं सगळं वाचकासमोर आलं. कुठेही भाषण नाही. ही पटकथाकाराची सुरुवात आहे: पहिल्याच दृश्यात जागा, माणसं आणि पैसा कुठून येतो ते दाखवून मोकळं व्हायचं.

माफियाबाबत त्यांनी घेतलेला निर्णयही मला दिग्दर्शकाचा वाटतो. सप्टेंबर १९८६मध्ये त्यांच्या गावात टोळीयुद्धातलं हत्याकांड झालं, तेव्हा ते तिथल्याच एका बारमध्ये होते. गोळीबार त्यांनी जवळून ऐकला. दुसऱ्या एखाद्या लेखकाने त्यावर दहा प्रकरणं रंगवली असती. कामिल्लेरींच्या कादंबऱ्यांत माफियाची दोन घराणी आहेत, पण ती पार्श्वभूमीला. त्यांचं म्हणणं होतं की गुन्हेगाराला मध्यभागी उभं केलं, त्याला चांगले संवाद दिले, की तो मोठा होतो. शाशांच्या गाजलेल्या कादंबरीतला माफिया म्होरक्या वाचकाला भुरळ घालतो, अशी तक्रार त्यांनी मित्रप्रेम बाजूला ठेवून केली. प्रकाशझोत कुणावर टाकायचा, हा प्रश्न नैतिक आहे हे रंगमंचावर काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आज गुंडांच्या चरित्रांवर मालिका काढणाऱ्यांनी यावर घटकाभर विचार करावा.

मग चक्र फिरलं. ६ मे १९९९ रोजी ‘राय’वर मोंताल्बानो मालिकेचा पहिला भाग लागला. नायक लुका झिंगारेत्ती; तो अकादमीतला, कामिल्लेरींच्याच वर्गातला विद्यार्थी. कादंबरीतला मोंताल्बानो केसाळ, मिशाळ. हा तुळतुळीत डोक्याचा. वर्णनाशी त्याचं काहीच जुळत नव्हतं, आणि तरी चित्रं बघितल्यावर वाचकांना दुसरा चेहरा आठवेना. आल्बेर्तो सिरोनी यांनी दिग्दर्शन केलं, फ्रांचेस्को ब्रूनी आणि इतरांबरोबर पटकथेत कामिल्लेरींचंही नाव होतं. एके काळी सिमेनाँची पुस्तकं उसवली जाताना बघणारा माणूस आता स्वतःची पुस्तकं उसवायला मदत करत होता. २०२१पर्यंत ३७ भाग झाले. प्रत्येक भाग एका चित्रपटाएवढा, वर्षाला मोजकेच. रोज एक भाग देणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे वाक्य हेव्याशिवाय ऐकू नये!

मालिका देखणी आहे आणि माझी तिच्याबद्दल एक नाराजी आहे. चित्रीकरण झालं ते रागूसा जिल्ह्यात: पुंता सेक्काचं समुद्राकाठचं घर, शिक्लीची पोलीस कचेरी म्हणून दाखवलेली नगरपालिका, बरोक चर्चं, रिकामे सोनेरी रस्ते. कादंबरीतलं विगाता असं नाही. तिथे बंदर आहे, बेकायदा सिमेंटच्या इमारती आहेत, गंजलेले कारखाने आहेत. पडद्यावर या कुरूपतेचा बराचसा भाग धुऊन निघाला आणि प्रवासी त्या सौंदर्याच्या ओढीने येऊ लागले. पोर्तो एम्पेदोक्लेने तर २००३ साली आपल्या नावाला ‘विगाता’ जोडून घेतलं आणि २००९ साली ते काढून टाकलं. पडद्यावर गल्लीबोळ मात्र दुसऱ्याच जिल्ह्यातले दिसत होते.

कामिल्लेरींना हे कळत नव्हतं असं नाही. २००४-०५मध्येच त्यांनी मोंताल्बानोची शेवटची कादंबरी ‘रिक्कार्दिनो’ लिहून प्रकाशिका एल्विरा सेल्लेरिओंच्या हवाली केली. ती मरणोत्तर छापायची होती. २०१६ साली तिची भाषा पुन्हा घासूनपुसून घेतली. या कादंबरीत पुस्तकातला मोंताल्बानो दूरचित्रवाणीवरच्या मोंताल्बानोवर जळतो: गावकरी आपल्याला बघून त्या नटाशी तुलना करतात. शिवाय ‘लेखक’ त्याला फोन करून तपास कसा करावा हे सुनावतो आणि मोंताल्बानो लेखकाशी भांडतो. शेवट सांगत नाही. पिरांदेल्लोच्या शेजारच्या पोराने म्हातारपणी पात्रांना लेखकाच्या अंगावर सोडलं, एवढं म्हणतो.

आता दोष. शंभरावर पुस्तकं लिहिणाऱ्याची सगळी सारखी नसतात, आणि मोंताल्बानोच्या उत्तरार्धातल्या काही कादंबऱ्या सवयीवर लिहिल्यासारख्या वाटतात. प्रेयसी लिविआबरोबरची त्याची फोनवरची भांडणं पाचव्यांदा वाचताना कंटाळा येतो. स्त्रिया एक तर फार सुंदर किंवा फार समंजस. त्यांना कामिल्लेरी पुरुषी नजरेतून बाहेर काढू शकले नाहीत. १८० पानांचा साचा कधी आधार ठरला, कधी कुबडी. पण त्याच साच्यात २००३च्या कादंबरीत त्यांनी जेनोव्हातल्या जी-८ परिषदेच्या वेळच्या पोलिसी मारहाणीचा संताप आणला. स्वतः पोलीस असलेला मोंताल्बानो लाजेने राजीनामा द्यायला निघतो. लोकप्रिय मालिकेचा नायक असा पणाला लावायला धाडस लागतं.

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. ते तोंडी सांगत, सहायिका लिहून घेई. जून २०१८मध्ये, ब्याण्णवाव्या वर्षी, सिराकूझच्या प्राचीन ग्रीक रंगमंचावर बसून त्यांनी आंधळ्या द्रष्ट्या तिरेसिआसवर स्वतः लिहिलेलं स्वगत सादर केलं. पुढच्या वर्षी काइनवरचं असंच स्वगत रोममध्ये होणार होतं; त्याआधीच ते रुग्णालयात गेले आणि १७ जुलै २०१९ रोजी वारले. ‘रिक्कार्दिनो’ वर्षभराने, जुलै २०२०मध्ये छापली गेली.

आता तुमच्यातल्या तरुणांसाठी एक शब्द. मालिकेचे संवाद लिहीत असाल, शाळेत शिकवत असाल, कुठल्या कचेरीत दुसऱ्याच्या लिखाणावर खुणा करत असाल, तर त्या कामाला ‘तात्पुरतं’ म्हणायचं आधी थांबवा. आणि कामिल्लेरी वाचायचे असतील तर स्टीफन सार्तारेल्ली यांच्या इंग्रजी अनुवादात ते सहज मिळतात. सुरुवात पहिल्या पुस्तकापासून करण्यापेक्षा दुसऱ्या, ‘मातीचा कुत्रा’ या १९९६च्या कादंबरीपासून करा. तिच्यात गुहेत सापडलेल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या दोन प्रेतांचा तपास आहे आणि त्या तपासाची पोलिसांना काहीही गरज नाही. मालिका नंतर बघा.